कॅमेऱ्याची बॅटरी खातं कोण?

जानेवारीतली पहाट, भिगवणजवळ उजनीचं पसरलेलं पाणी आणि होडीत आम्ही चौघं. सूर्य वर आला आणि रोहित पक्ष्यांचा थवा उठला. मी पिशवीतून कॅमेरा काढला. तो हाताला कोमट लागला, आणि त्या थंडीत ते बरंच वाटलं. जेमतेम पाच-सहा फोटो निघाले असतील, तेवढ्यात पडद्यावर बॅटरीचं लाल चित्र लुकलुकलं आणि सगळं अंधारलं. नावाडी म्हणाला, "दादा, रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं वाटतं." राहिलं नव्हतं. हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज केलेली बॅटरी होती.

पुण्याला परतल्यावर मी चांगली महागातली नवी बॅटरी घेतली. पुढच्या फेरीला तीही तशीच बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. तो चोर कोण निघाला ते पुढे सांगतो. त्याला पकडायला जी पद्धत उपयोगी पडली, ती कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्याला लागू पडते. तिला मीटर लागत नाही की कारागीर लागत नाही. दोन-तीन दिवसांचा धीर मात्र लागतो.

आधी विचारा, उतरते कधी?

"बॅटरी लवकर उतरते" या एकाच वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. एक, कॅमेरा हातात आहे, काम चालू आहे आणि चार्ज भराभर जातोय. दोन, कॅमेरा बंद करून कपाटात ठेवला आणि चार दिवसांनी काढला तर रिकामा. तीन, बॅटरी मुळात पूर्ण भरतच नाही, किंवा भरल्याचं दाखवते आणि दोन-चार फोटोंतच मान टाकते.

पहिल्याचं कारण बहुतेक वेळा वापरण्याच्या सवयीत आणि सेटिंगमध्ये सापडतं. दुसऱ्याचं कारण कॅमेऱ्यात, तिसऱ्याचं बॅटरीत, चार्जरमध्ये किंवा त्यांच्या सोनेरी पट्ट्यांवर. आपण मात्र तिन्हींवर एकच औषध करतो आणि ते औषध म्हणजे नवी बॅटरी. त्यामुळे आधी आठवून पाहा. शेवटची पाच वेळा बॅटरी संपली तेव्हा कॅमेरा कुठे होता? गळ्यात, पिशवीत की कपाटात?

एका रात्रीची परीक्षा

आठवून भागत नसेल, तर परीक्षा घ्यावी. तुमच्याकडे दोन बॅटऱ्या असतील तर मार्करने एकीवर अ आणि दुसरीवर ब लिहा. हे बारीकसं काम पुष्कळ जण करत नाहीत आणि मग कुठली बॅटरी दुखणाईत आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही. दोन्ही पूर्ण चार्ज करा. अ कॅमेऱ्यात घाला, कॅमेरा बंद करा. ब टेबलाच्या खणात ठेवा. चोवीस तास कशालाही हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी दोन्हींचा चार्ज कॅमेऱ्यात घालून बघा. मेन्यूत बॅटरीची टक्केवारी दिसत असेल तर तीच वाचा. कोपऱ्यातल्या तीन-चार रेघांवर विश्वास ठेवू नका. त्यांतली पहिली रेघ जायला बराच वेळ लागतो आणि शेवटच्या दोन एकदम जातात. मग अदलाबदल करा, म्हणजे ब कॅमेऱ्यात आणि अ खणात, आणि आणखी एक दिवस जाऊ द्या.

आता उत्तर समोर असतं. जी बॅटरी कॅमेऱ्यात असते तीच उतरत असेल, मग ती अ असो वा ब, तर कॅमेरा झोपेत खातोय. अ कुठेही असली तरी उतरते आणि ब कुठेही असली तरी टिकते, तर अ गेली. दोन्ही दोन्हीकडे टिकतात, तर बंद कॅमेऱ्यावरचा आळ खोटा, दोष चालू असतानाच्या वापरात शोधायचा. आणि दोन्ही बॅटऱ्या खणातही उतरत असतील, तर दोन्ही एकाच वेळी बिघडण्यापेक्षा चार्जरच त्यांना अर्धवट भरतोय अशी शक्यता जास्त.

एकच बॅटरी असेल तर हीच परीक्षा दोन दिवसांत होते. पहिले चोवीस तास ती बाहेर ठेवायची, पुढचे चोवीस तास कॅमेऱ्यात. चांगली लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तर महिन्याभरात काही टक्केच उतरते. एका रात्रीत दहा-पंधरा टक्के गेले, तर ते आपोआप गेलेले नाहीत.

बंद म्हणजे किती बंद?

जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं बटण बंद केलं की तो खरोखर बंद होत असे. आजचा कॅमेरा हा एक छोटा संगणक आहे. बंद असतानाही त्याचं घड्याळ चालू असतं. पण घड्याळाची भूक मुंगीएवढी, आणि त्यासाठी आत एक वेगळा चिमुकला सेलही असतो, जो मुख्य बॅटरीवरच भरला जातो. घड्याळामुळे बॅटरी बसली असं सहसा होत नाही. खाणारे वेगळे आहेत.

त्यांतला पहिला म्हणजे जीपीएस. कॅनॉनचा २०१२ सालचा ६डी याचं ठळक उदाहरण आहे. त्यात जीपीएस चालू ठेवलं, तर कॅमेऱ्याचं बटण बंद केल्यावरही तो ठरावीक वेळाने उपग्रहांचे संकेत घेत राहतो. माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण माहितीपुस्तिका वाचतो कोण? ट्रेकला गेल्यावर जागेची नोंद व्हावी म्हणून एकदा जीपीएस चालू केलं, घरी आल्यावर बंद करायचं विसरलं, की कॅमेरा कपाटात बसून आकाशाशी बोलत राहतो.

दुसरा म्हणजे फोनशी असलेली मैत्री. निकॉनच्या कॅमेऱ्यांत ब्लूटूथच्या मेन्यूत ‘बंद असतानाही पाठवत राहा’ अशा अर्थाची सोय असते, कॅनॉनच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत ‘बंद असताना जोडलेला राहा’ अशी. सोय छान आहे. कॅमेरा पिशवीत आणि फोटो आपोआप फोनवर. नुसतं ब्लूटूथ फार खात नाही, पण त्याच्या जोरावर वायफाय जागं होऊन फोटो जायला लागले की चार्ज झपाट्याने उतरतो. परीक्षेची रात्र पुन्हा घ्यायची असेल तर मेन्यूतला एअरप्लेन मोड चालू करून घ्या. आदल्या रात्री उतरलेली बॅटरी या रात्री टिकली, तर चोर हातात सापडला.

तिसरा प्रकार बंद कॅमेऱ्याचा नाहीच, आपण बंद समजतो त्या कॅमेऱ्याचा आहे. पुष्कळ जण बटण बंद करतच नाहीत. मिनिटभरात कॅमेरा आपोआप झोपतो, मग कशाला? झोपतो हे खरं, पण शटरचं बटण अर्धं दाबलं की तो उठतो. पिशवीतला मऊ पडदा, लेन्सचं हूड, गच्च कोंबलेलं जॅकेट, कशानेही ते अर्धं दाबलं जातं. मग आत अंधारात कॅमेरा फोकस शोधत बसतो, लेन्समधली मोटर पुढे-मागे फिरते, कंपनं सावरणारी यंत्रणा चालू राहते. बऱ्याच कॅमेऱ्यांत चालू-बंदची कडी शटरच्या बटणाभोवतीच असते. ती पिशवीत शिरतानाच फिरते, आणि आपण बंद केलेला कॅमेरा आपल्यामागे चालू होतो.

भिगवणचा चोर हाच होता. पुण्यापासूनची शंभरेक किलोमीटरची वाट, आणि सीटच्या फटीत खोचलेल्या पिशवीत कॅमेरा सगळा वेळ जागा. तो कोमट का लागला याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. बंद असलेला कॅमेरा थंडीच्या दिवसांत गरम असायचं काही कारणच नसतं. आता पिशवीत ठेवताना मी बटण बंद करतो आणि कॅमेरा शटरचं बटण पोकळ बाजूला येईल असा वळवून ठेवतो. लांबच्या प्रवासात बॅटरीच काढून ठेवतो.

खोक्यावरचा आकडा

"कंपनीने पाचशे फोटो सांगितले होते, मला दोनशेच मिळतात" ही तक्रार करण्याआधी तो आकडा कसा काढतात ते माहीत असावं. जपानमध्ये कॅमेरा बनवणाऱ्यांची ‘कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशन’, थोडक्यात सिपा नावाची संघटना आहे. बॅटरी किती पुरते हे मोजायची तिची ठरलेली रीत आहे. खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास, दर तीस सेकंदांनी एक फोटो, अंगचा फ्लॅश असेल तर एक फोटो सोडून एकाला फ्लॅश, आणि दहा फोटो झाले की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू.

असे फोटो आपण कुणीच काढत नाही. लग्नात सप्तपदीच्या वेळी मिनिटाला तीस फोटो निघतात आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत कॅमेरा शांत असतो. पक्षी टिपणारा एका झेपेत चाळीस फोटो घेतो. त्यामुळे कुणाला लिहिल्याच्या तिप्पट मिळतात, तर एक फोटो काढून दहा वेळा पडद्यावर बघणाऱ्याला निम्मेही मिळत नाहीत. मिररलेस कॅमेऱ्यात तर बॅटरी फोटोंवर कमी आणि मिनिटांवर जास्त खर्च होते. म्हणून त्या आकड्याचे तास करून पाहावेत. निकॉन झेड ७ या २०१८ सालच्या मिररलेस कॅमेऱ्याचा सिपाचा आकडा ३३० आहे. दर तीस सेकंदांनी एक या हिशेबाने ३३० फोटो म्हणजे पावणेतीन तास चालू असलेला कॅमेरा. ‘३३० फोटो’ ऐकून पोटात गोळा येतो, ‘पावणेतीन तास’ म्हटलं की काय करायचं ते कळतं.

आता त्याच कंपनीचा आदल्या वर्षीचा डी८५० घ्या. आरशाचा, म्हणजे डीएसएलआर. दोघांच्याही सेन्सरवर साडेचार कोटींहून जास्त बिंदू, दोघांच्याही बॅटऱ्या एकाच घराण्यातल्या, १९०० मिलीअँपिअर-तासांच्या. डी८५० चा आकडा मात्र १८४०. बॅटरी तेवढीच आणि फोटो साडेपाचपट! डीएसएलआरमध्ये आपण आरशातून आलेला खरा उजेड डोळ्याने बघतो, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये सेन्सर, आतला प्रोसेसर आणि डोळ्याजवळचा बारीक पडदा असे तिघंही आपण फोटो काढत नसतानाही राबत असतात. डीएसएलआर वापरून मिररलेसकडे आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात बॅटरी खराब निघाली असंच वाटतं. ती खराब नसते. मात्र खिशात आणखी एक असावी लागते.

डीएसएलआरवालेही लाइव्ह व्ह्यू लावून मागच्या पडद्यावर बघत राहिले, तर त्यांचा कॅमेरा तेवढा वेळ मिररलेससारखाच वागतो. व्हिडिओचंही तेच.

चालू असताना कुठे वाचवायचं

वाचवायच्या युक्त्यांच्या याद्या लांबलचक असतात, आणि त्यांतल्या निम्म्या गोष्टींनी काही फरक पडत नाही. फरक पडतो तो जे सतत चालतं त्याने.

म्हणून पहिली गोष्ट आपोआप झोपण्याची वेळ. ती पाच मिनिटांवर असेल तर एकावर किंवा अर्ध्यावर आणा. दोन फोटोंच्या मधला रिकामा वेळ हाच सगळ्यांत मोठा खर्च असतो, आणि ही एक सेटिंग तो कापते. दुसरी गोष्ट म्हणजे शटर न दाबताही सतत फोकस शोधत राहण्याची सेटिंग. कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात. ती बंद केली तर फोकस लागायला क्षणभर जास्त लागतो, पण लेन्सची मोटर विश्रांती घेते. तिसरी, पडद्याची चमक. उन्हात दिसत नाही म्हणून ती वाढवली जाते आणि संध्याकाळीही तशीच राहते.

गळ्यात कॅमेरा लटकवून फिरणाऱ्यांच्या मिररलेसमध्ये एक गमतीदार भानगड होते. डोळा जवळ आला की व्ह्यूफाइंडर आपोआप लागावा म्हणून तिथे एक सेन्सर असतो. त्याला डोळा आणि पोट यांतला फरक कळत नाही. शर्टाला चिकटलेला कॅमेरा शर्टालाच दृश्य दाखवत राहतो. चालताना बटण बंद करणं हाच त्यावरचा सोपा उपाय.

अंगचा फ्लॅश चांगलंच खातो. दर फोटोनंतर त्याचा कपॅसिटर मुख्य बॅटरीवरच भरला जातो. घरात वाढदिवसाला शंभर फोटो फ्लॅशने काढले आणि बॅटरी बसली, तर त्यात नवल नाही. याउलट कंपनं सावरणारी यंत्रणा बंद करून चार फोटो जास्त मिळवण्यात अर्थ नाही. हललेले शंभर फोटो घेऊन घरी येण्यापेक्षा स्थिर ऐंशी बरे. तिपाईवर असताना तेवढी बंद करा.

काढलेला प्रत्येक फोटो लगेच मागे बघण्याच्या सवयीबद्दल मी काही बोलत नाही. मलाही ती आहे.

कधी कधी गुन्हेगार मेमरी कार्ड निघतं. खराब होत आलेलं कार्ड लिहायला फार वेळ घेतं. कॅमेरा बंद केला तरी लाल दिवा टिमटिमत राहिला, तर आतलं काम संपलेलं नसतं. फोटो उतरवून घ्या, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तरीही तसंच असेल तर दुसरं कार्ड घालून बघा.

बॅटरी म्हातारी झाली हे कसं ओळखायचं

आता संन्याशाकडे वळू, कारण कधी कधी तोच चोर असतो.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठ्या कॅमेऱ्यांच्या बॅटरीत असे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून तिच्यावर ७.२ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसतो.

म्हातारपणी या बॅटरीत दोन गोष्टी घडतात. तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो, हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. तिचा आतला विरोध वाढतो. टाकीत पाणी आहे, पण नळात गाळ बसलाय असं समजा. हळूहळू भांडं भरता येतं, जोराची धार मात्र मिळत नाही. कॅमेरा नुसता चालू असतो तेव्हा थोडीच वीज लागते, बॅटरी अर्धी भरलेली दिसते. शटर, फोकसची मोटर आणि फ्लॅश यांनी एकदम मागणी केली की व्होल्टेज घसरतं, आणि कॅमेरा ‘बॅटरी संपली’ म्हणून बंद होतो. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला तर परत अर्धी भरलेली! असं मरून जिवंत होण्याचं सोंग करणारी बॅटरी बहुधा कामातून गेलेली असते.

कॅमेऱ्याला विचारलं तर तोही सांगतो. कॅनॉनच्या मधल्या आणि वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांत बॅटरीच्या माहितीचं पान असतं. त्यात पुन्हा चार्ज होण्याची क्षमता तीन चौकोनांनी दाखवतात. तिन्ही हिरवे तर उत्तम, एकच आणि तोही लाल तर नवी घ्या. निकॉनच्या कॅमेऱ्यांत बॅटरीचं वय ० ते ४ असं असतं, त्यात ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे निवृत्त. याच पानावर शेवटच्या चार्जिंगनंतर किती फोटो निघाले तेही दिसतं. तो आकडा दर वेळी वहीत टिपून ठेवला, तर खरंच उतार लागलाय की नुसता वाटतोय ते चार खेपांत कळतं. प्राथमिक दर्जाच्या कॅमेऱ्यांत हे पान नसतं, तिथे वहीच कामाची.

म्हातारपण लवकर आणतो तो उष्मा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची वरची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. ताडोबाच्या दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पूर्ण भरलेली बॅटरी ठेवली, तर तिच्या आयुष्यातले कित्येक दिवस तिथेच जळतात. भरलेली आणि तापलेली, हा जोड तिला सर्वांत वाईट. महिना-दोन महिने कॅमेरा वापरायचा नसेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज असताना बाहेर काढून सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्ज करावी, आणि पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावू नये, हे जे वडीलधारे सांगतात ते निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातलं आहे. तेव्हा ते बरोबर होतं. लिथियमला ते नको असतं. तिला अर्ध्यावर चार्ज केलेलं चालतं, उलट पार रिकामी करून ठेवलेली चालत नाही.

बॅटरी फुगली असेल, कप्प्यातून सहज निघत नसेल, तर पुढची सगळी परीक्षा रद्द. ती दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी भारतात २०२२ पासून वेगळे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्यांनुसार उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात ती द्यावी.

पट्ट्या आणि चार्जर

हा भाग छोटा आहे, पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी नीट वाचावा. समुद्राची खारट हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा बॅटरीच्या सोनेरी पट्ट्यांवर न दिसणारा थर चढवते. पट्टी मळली की चार्जर बॅटरी भरल्याचा चुकीचा अंदाज घेतो किंवा कॅमेऱ्याला पुरेशी वीज मिळत नाही. बॅटरीच्या पट्ट्या पेन्सिलीच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि त्याची पूड कोरड्या कापडाने पुसून टाका. कॅमेऱ्यातल्या आणि चार्जरमधल्या टोकांना खोडरबर लावू नका, पूड आत अडकते. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी पुरते, तीही बॅटरी काढून आणि चार्जर प्लगमधून काढून.

चार्जरच्या दिव्याची भाषाही समजून घ्यावी. कॅनॉनच्या एलपी-ई६ जातीच्या बॅटरीचा चार्जर सेकंदाला एकदा लुकलुकतो तेव्हा बॅटरी निम्म्याहून कमी असते, दोनदा म्हणजे निम्म्याच्या वर, तीनदा म्हणजे पाऊण, आणि स्थिर हिरवा म्हणजे पूर्ण. ‘दिवा लुकलुकतोय म्हणजे झालं’ असं समजून काढणारे मी पाहिलेत.

कॅमेऱ्यातच केबल लावून चार्ज करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. प्रत्येक बॅटरी तशी चार्ज होत नाही. कॅनॉनची जुनी एलपी-ई६ ही काही मिररलेसमध्ये बसते, चालते, पण कॅमेऱ्यात चार्ज होत नाही. त्यासाठी नावाच्या शेवटी एन असलेली किंवा तिच्याही नंतरची लागते. बॅटरी चार्जच झाली नव्हती आणि आपण ती उतरली म्हणतोय, असं होऊ शकतं.

स्वस्तातली बॅटरी घ्यावी का?

घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांत बऱ्या आहेत आणि निव्वळ थापाही आहेत. वेष्टनावर मूळ बॅटरीपेक्षा दीडपट आकडा छापलेला असेल, तर संशय घ्या. आकार तोच, मग एवढी जास्त वीज मावली कुठे? कॅमेऱ्याशी बोलणारी चिप नीट नसेल तर टक्केवारी चुकीची दिसते किंवा दिसतच नाही. याहून वाईट म्हणजे मूळ कंपनीचं नाव लावलेली नकली बॅटरी. माझं मत असं, की महत्त्वाच्या कामाला मूळ कंपनीची आणि राखीव म्हणून दुसरी. दोन्ही कधी घेतल्या ती तारीख त्यांच्या पाठीवर लिहून ठेवावी.

विमानाने जाताना राखीव बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या, चेक-इनच्या पेटीत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि आपल्या कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १४ ते १६ च्या घरात असते. टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा टोपण घाला, म्हणजे किल्ल्यांशी त्यांची गाठ पडणार नाही.

पेन्सिल सेलवाल्यांसाठी

जुने छोटे कॅमेरे दोन पेन्सिल सेलवर चालतात, आणि वरून बसवायचे बहुतेक फ्लॅश चारवर. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल कॅमेऱ्यात घातले तर दहा-वीस फोटोंत मान टाकतात. अल्कलाइन सेल थोडे बरे, पण कॅमेऱ्याला लागणारा मोठा प्रवाह त्यांनाही झेपत नाही. आणि गंमत म्हणजे कॅमेऱ्यातून ‘संपलेला’ तोच सेल रिमोटमध्ये सहा महिने चालतो.

इथे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्यावेत. त्यांचं व्होल्टेज दीडऐवजी १.२ असतं, पण शेवटपर्यंत ते जवळपास तेवढंच राहतं. साध्या रिचार्जेबल सेलांचा दोष असा, की ते पडल्यापडल्या उतरतात. गणपतीत चार्ज केलेले दिवाळीत रिकामे. सान्योने २००५ मध्ये एनेलूप आणला तो याच दुखण्यावर, आता तसे हळू उतरणारे सेल अनेकांचे मिळतात. ते घातल्यावर मेन्यूत सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. कॅमेरा अल्कलाइन समजून बसला, तर १.२ व्होल्ट बघून त्याला सेल संपत आल्यासारखे वाटतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल बाकीच्यांनाही खाली ओढतो.

थंडीत मेलेली बॅटरी

लडाख, स्पिती किंवा हिमालयातल्या ट्रेकला गेलेल्या मंडळींच्या बॅटऱ्या पहाटे एकामागोमाग बसतात. त्या बहुधा बसलेल्या नसतात, गारठलेल्या असतात. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, विरोध वाढतो, आणि वर सांगितलेला गाळ बसलेला नळ तरुण बॅटरीतही तयार होतो. राखीव बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा आणि अदलाबदल करत राहा. ‘संपलेली’ पुन्हा ऊब मिळाल्यावर आणखी पन्नास फोटो देते. रात्री ती झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा. शून्याखाली गारठलेली बॅटरी थेट चार्जरला मात्र लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दुरुस्तीला नेण्याआधी

एवढं करूनही बंद कॅमेरा रात्रीत बॅटरी खातोच, तर लेन्स आणि कार्ड काढून एक रात्र परीक्षा घ्या. लेन्स काढल्यावर उतरणं थांबलं, तर दोष लेन्समध्ये किंवा तिच्या टोकांवर. मग सगळ्या सेटिंग मूळपदाला आणा, कंपनीच्या साइटवर कॅमेऱ्याचं नवं फर्मवेअर आहे का बघा, आणि ते घालताना बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, मध्येच वीज गेली तर नवं दुखणं मागे लागतं. कॅमेरा बंद असताना एखाद्या ठिकाणी गरम लागत असेल, किंवा तो पाण्यात, वाळूत पडून गेल्यापासूनच हे सुरू झालं असेल, तर घरगुती उपाय थांबवा. आत कुठेतरी वीज गळतेय, आणि ते स्क्रूड्रायव्हरने शोधायचं काम नाही. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात तर कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही झटका देऊ शकतो.

जाताना वहीचं पान सोबत न्या. कुठली बॅटरी, कुठल्या रात्री, कशासकट, किती टक्के उतरली. माझ्या ओळखीचा कारागीर असं पान बघून खुर्ची पुढे सरकवतो. बाकीच्यांना तो आधी विचारतो, "साहेब, चार्जिंगला लावली होती ना?"

कॅमेरा परत येईपर्यंत किंवा दोष सापडेपर्यंत रात्री बॅटरी काढून ठेवा. फार दिवस काढून ठेवली तर तारीख-वेळ पुसली जाईल. पुढच्या फोटोआधी ती तेवढी लावून घ्या, नाहीतर यंदाचे रोहित पक्षी भलत्याच सालच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतील.